सुक्रालोजचं द्रावण कसं करावं: तराजूपासून बेसिनपर्यंत

१९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस साखरेच्या रेणूत क्लोरीन बसवत होते. मार्गदर्शक लेस्ली हफ यांनी पावडर ‘टेस्ट’ करायला सांगितली आणि फडणिसांनी ती जिभेवर ठेवली. तपास की चव घे? मराठीत दोन्ही शब्द ‘टेस्ट’ असेच लिहितात, तेव्हा त्यांना हसायचा आपल्याला हक्क नाही. पावडर निघाली साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. तीच आजची सुक्रालोज. मुंबईत प्रॅक्टिकल घेताना हा किस्सा मी आधी सांगतो आणि लगेच बजावतो, की लॅबमधलं काहीही तोंडात घालायचं नाही, शुद्ध आहे असं बाटलीवर छापलेलं असलं तरी.

सुक्रालोज म्हणजे साखरच, फक्त तिचे तीन हायड्रॉक्सिल गट काढून तिथे तीन क्लोरीन बसवलेले. रेणुवस्तुमान ३९७.६.

पहिलं काम वजनाचं. हातमोजे, चष्मा, मास्क घाला आणि पंखा बंद करा. जुलैत मुंबईत पंखा बंद म्हटलं की वर्ग कुरकुरतो, पण ही पावडर बारीक असते, वाऱ्याने उडते आणि मग दिवसभर ओठ गोड लागतात. चार दशांश दाखवणारा बॅलन्स घ्या, बटर पेपर ठेवून शून्य करा आणि स्पॅच्युलाने १०० मिलिग्रॅम घ्या. आकडा ०.१०१३ ग्रॅम आला? तोच वहीत लिहा. बरोबर ०.१००० गाठायच्या नादात काढ-घाल करत बसू नका, आणि काढलेली पावडर बाटलीत परत तर मुळीच टाकू नका.

मग बटर पेपरची घडी करून पावडर १०० मिलिलिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये (मानेवर नेमक्या मापाची खूण असलेल्या चंबूत) सोडा. कागदावर चिकटलेले कण डिस्टिल्ड वॉटरने आत धुवा. तापवायची गरज नाही. २० अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २८ ग्रॅम सुक्रालोज विरघळतं, आपण घेतलंय जेमतेम ०.१. हलवून विरघळवा, मग खुणेपर्यंत पाणी भरा. डोळा खुणेच्या रेषेत हवा, वाकून बघायचा आळस नको. यातलं १० मिलिलिटर घेऊन पुन्हा १०० केलं, की गोडी साधारण ६ टक्के साखरेच्या पाण्याएवढी होते. म्हणजे कटिंग चहाचा गोडवा, आणि त्यासाठी १०० मिलिलिटरमागे फक्त १० मिलिग्रॅम!

तपासणी बेनेडिक्टने करा, म्हणजे क्षपणक शर्करेबरोबर उकळलं की विटकरी लाल होणाऱ्या निळ्या द्रावणाने. सुक्रालोज क्षपणक शर्करा नाही, त्यामुळे उकळलं तरी निळा रंग निळाच राहतो. एका मुलाने घरची गोडव्याची पुडी आणली आणि त्याचं द्रावण विटकरी लाल झालं. तो खूश, मी खूश नाही. पुडीत सुक्रालोज नावापुरतं असतं, बाकी बहुतेक डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन. लाल रंग आला तो त्या भरावाचा. सुक्रालोज तपासायचं तर शुद्ध पावडरच हवी.

सुट्या क्लोराइडबरोबर पांढरा साका देणारं सिल्व्हर नायट्रेटही मजेशीर आहे. क्लोरीन असूनही पांढरा साका येत नाही, कारण तो कार्बनला घट्ट बांधलेला असतो, सुटा क्लोराइड नसतो. म्हणून हीच चाचणी जुन्या पावडरीसाठी उपयोगी पडते. नायट्रिक आम्लाचे दोन थेंब टाकून सिल्व्हर नायट्रेट घातलं आणि द्रावण दुधाळ झालं, तर रेणू फुटून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटू लागलंय असं समजा.

इथेच मुंबईचा प्रश्न येतो. कोरडी पावडर उष्णतेत तपकिरी पडते. पीएच ३ ते ७ मधलं द्रावण मात्र बरंच टिकाऊ असतं, हे मलाही पहिल्यांदा उलटंच वाटलं होतं. म्हणून बाटली घट्ट बंद करून २५ अंशांखाली, एसीच्या खोलीतल्या कपाटात ठेवा. सोबत डेसिकेटरमध्ये, म्हणजे वस्तू कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, ओलावा शोषणारी निळी सिलिका जेल ठेवा. पावसाळ्यात ती बघता बघता गुलाबी होते, तेव्हा ओव्हनमध्ये वाळवून घ्या. तापलेल्या हॉटप्लेटजवळ पावडर सांडू देऊ नका. तापमान फार चढलं की निघणारा धूर आम्लधर्मी असतो.

सांडलीच, तर झाडू नका, ओल्या कापडाने टिपा. कोरडा झाडू पावडर उचलत नाही, उडवतो. हात मनगटापर्यंत साबणाने धुवा. मी एकदा मोजे काढून नुसते हात पुसले आणि डबा उघडला. मेथीची भाजी शिऱ्यासारखी लागली.