सारंगखेड्याहून शिंगरू आणलंय? लगाम घालण्याआधी तोंड बघा

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, पाठोपाठ माळेगावची यात्रा. तिथून आणलेलं दीड-दोन वर्षांचं जनावर थंडीतच फिरवायला काढतात आणि आठवड्यात तक्रार सुरू होते: 'लगाम ओढला की मान झटकतंय.' चाबूक उचलण्याआधी तोंड बघा.

वरच्या जबड्यात पहिल्या दाढेच्या अगदी पुढे बहुतेकदा हरभऱ्याएवढा खुंट असतो. डॉक्टर त्याला वुल्फ टूथ म्हणतात. वर्षाच्या आतबाहेर तो उगवतो, चघळायला कसल्याच कामाचा नाही. पण गालाची आतली कातडी त्याच्यात आणि लगामाच्या कडीत चिमटते. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवरून बोट मागे सरकवा, म्हणजे हाताला लागतो. दाढांमध्ये मात्र बोट घालू नका, तुटेल. कधी हिरडीखाली नुसतं टेंगूळ लागतं, तेही दुखतं.

नालबंदाच्या पकडीने हा दात उपटण्याची चाल आहे, ती बंद करा. मूळ तुटून आत राहतं, आणि शेजारूनच टाळूची मोठी रक्तवाहिनी जाते. पशुवैद्यकाने गुंगी देऊन, हिरडी बधिर करूनच तो काढावा. धनुर्वाताची लस झालीय का तेही विचारा. घोडा या रोगाला फार हळवा. नंतर दोन आठवडे कडी नको. चार-पाच वर्षांच्या घोड्याला मोकळ्या जागेत येतो तो सुळा. त्याला हात लावू नका.

अडीच ते चार वर्षांत दुधाच्या दाढा टोपीसारख्या सुटतात. हलत असेल तर डॉक्टर काढतील, घट्ट असेल तर राहू द्या. घाई केली की खालची पक्की दाढ बिघडते. या वयात खालच्या जबड्याला दोन्हीकडे न दुखणारे उंचवटे येतात, ते चालतं. एकाच बाजूला, गरम किंवा वाहणारी गाठ असेल तर दाखवा. पुढचे दात अडीचला दोन, साडेतीनला चार, साडेचारला सहा बदलतात. वय जास्त दाखवायला दुधाचे दात ओढायची व्यापाऱ्यांची जुनी खोड आहे, तेव्हा दोनदाती म्हणून घेताना खाली पक्का दात दिसतोय का बघा.

लिदीत अख्खे दाणे, तोबऱ्याखाली चघळून टाकलेले गवताचे गोळे दिसले की दाढांना धार आलीय समजा. वरच्यांना गालाकडून येते, खालच्यांना जिभेकडून. ती कानशीने घासून घ्यावी लागते. पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी एकदा तपासणी ठेवा.

गुंगी पूर्ण उतरेपर्यंत तोबरा बांधू नका. अर्धवट झोपेत घास नरड्यात अडकतो.