गझाली आणि इब्न रुश्दचा वाद वाचायचाय? मग असं सुरू करा

दोघंही मध्ययुगातले मुस्लिम विचारवंत: गझालीने तत्त्वज्ञांची मतं खोडून काढली, इब्न रुश्दने त्याला पुस्तकातून उत्तर दिलं. पण धर्म एका कोपऱ्यात, तत्त्वज्ञान दुसऱ्या कोपऱ्यात आणि मधे कुस्ती, असं डोक्यात ठेवून बसलात तर वीस पानांतच गोंधळ उडेल, माझा उडालेला. दोघंही फिकह म्हणजे इस्लामी कायदा कोळून प्यायलेले, इब्न रुश्द तर स्पेनमधल्या कोर्दोबाचा काझी. आणि समोरासमोर कधी आलेच नाहीत, गझाली ११११ साली गेला, इब्न रुश्द जन्मला ११२६ला.

तरी वाचायला सुरुवात इब्न रुश्दपासून करा. त्याचं 'फस्ल अल-मकाल' अगदी छोटं आहे, ठाणे-वाशी लोकलमध्ये जाता-येता माझं आठवड्यात झालं. प्रश्न तो काझीसारखाच टाकतो: तत्त्वज्ञान शिकणं शरियतमध्ये चालतं, मना आहे, की बंधनकारक आहे? त्याचं उत्तर, ज्याची कुवत आहे त्याला बंधनकारक, कारण बघा आणि विचार करा असं कुराणच सांगतं. मग काही लोक वाचून बहकले त्याचं काय? तर तो म्हणतो, पाणी पिताना ठसका लागून कुणीतरी मेला म्हणून तहानलेल्याला पाणीच द्यायचं नाही आणि त्याला तहानेने मरू द्यायचं, हे तसंच झालं. इथे पुस्तक मिटून थोडं थांबा, घाई करू नका.

आता गझालीचं 'तहाफुत अल-फलासिफा', म्हणजे तत्त्वज्ञांच्या मतांतली विसंगती. त्यात तो खोडतो ते मुद्दे २०, सगळे एका दमात नकोत. आधी प्रस्तावनेतलं ग्रहणाचं पान काढा. आमच्या बिल्डिंगमधले एक चाचा आहेत, मदरशात शिकलेले, त्यांनीच मला ते पान दाखवलं. गझाली तिथे म्हणतो की ग्रहणाचं गणित सिद्ध झालेलं आहे, धर्माच्या नावाने त्याला विरोध करणारा धर्माचंच नुकसान करतो. हे वाचल्यावर त्याला बुद्धीचा शत्रू म्हणवत नाही.

मग तत्त्वज्ञांचे ते ३ दावे, ज्यांवर तो थेट कुफ्रचा, म्हणजे इस्लाम नाकारल्याचा, ठपका ठेवतो: जग अनादि आहे, देवाला एकेक बारीक गोष्ट सुटी-सुटी कळत नाही, आणि मेलेली शरीरं पुन्हा उठणार नाहीत. रोख मुख्यतः इब्न सीना आणि फाराबी या आधीच्या मुस्लिम तत्त्वज्ञांवर आहे.

सगळ्यात जास्त वेळ मात्र १७व्या मुद्द्याला द्या, कारण आणि परिणाम यांच्या नात्याचा तो. संध्याकाळी दिवा लावताना काडी वातीला टेकते आणि कापूस पेटतो, ते नीट बघा. गझालीचं उदाहरणही कापूस आणि आगीचंच आहे. तो म्हणतो तुम्हाला एवढंच दिसलं की आग टेकली आणि कापूस जळला, आगीने जाळला हे कुठे दिसलं? जाळणारा देव. इब्न रुश्दने 'तहाफुत अल-तहाफुत' या गझालीच्या पुस्तकाला दिलेल्या उत्तरात उलट विचारलं, कारणंच नाकारलीत तर ज्ञान उरतं कुठे?

वहीत दोन रकाने पाडा, डावीकडे गझाली, उजवीकडे इब्न रुश्द, आणि या एकाच मुद्द्यावर दोघांचं म्हणणं आपल्या शब्दांत लिहा. माझा उजवा रकाना लगेच भरला, डाव्याला तीन रविवार लागले.