इंजिन तापलं, दोष रबराचा निघाला

कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. तो काढायला आम्ही तिथल्या ग्रेनाडा बेटाच्या प्रिकली बे या खाडीत नांगर टाकून बोटीवरच राहिलो. एकदा बॅटरी चार्ज करायला इंजिन लावलं, तर 10 मिनिटांत तापमानाचा काटा चढला, इंजिन थंड करून एक्झॉस्टमधून बाहेर पडणारं समुद्राचं पाणीच येईना. छातीत धस्स झालं. लगेच बंद केलं.

बुडी मारून पाहिलं, तर पाणी आत घेणारं तोंड बार्नॅकल्सनी (बोटीच्या तळाला चिकटणारे कवचधारी जीव) गच्च भरलेलं. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं, तरी धार बारीकच. मग सी-कॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत येण्याचा व्हॉल्व्ह, बंद करून पंप उघडला. आतल्या इम्पेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या रबरी चक्राची, दोन पाती गायब! नवा बसवणं सोपं, पण तुकडे शोधायलाच हवेत. पुढे अडकले की इंजिन पुन्हा तापतं. दोन्ही तुकडे हीट एक्सचेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनची उष्णता काढून घेणारा भाग) तोंडाशीच सापडले, काळे, नखाएवढे.