आईवडिलांना घेऊन यॉर्कला जाताय? मग दोन रात्री तरी राहाच

आता आपल्या खान्देशातल्या बऱ्याच घरातलं कोणी ना कोणी इंग्लंडला आहे. कोणाचा मुलगा मँचेस्टरला, कोणाची सून लंडनला, आमचा लहान भाऊ लीड्सला. आणि मग आईवडील तिकडे जातात तेव्हा मुलं त्यांना काय दाखवतात, तर लंडन, आणि वेळ उरला तर यॉर्क सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आम्ही पण तसंच ठरवलं होतं, पण भावाला सुट्टी मिळाली म्हणून दोन रात्री राहिलो आणि आई आजही लंडनचं नाही, यॉर्कचंच सांगते. म्हणून माझं स्पष्ट मत, यॉर्क उरकायचं गाव नाही. जळगावला उतरून कोणी अजिंठा दोन तासात बघून परत गाडी पकडली तर आपल्याला कसं वाटतं, तसंच आहे ते. दुपारी अकरा ते चार सगळे डे-ट्रिपवाले रस्त्यात असतात, त्याच्या आधीचं आणि नंतरचं यॉर्क खरं, आणि ते फक्त मुक्काम करणाऱ्यालाच मिळतं.

गाव किती जुनं ते थोडक्यात सांगून ठेवते म्हणजे बघताना मजा येते. रोमन लोकांनी इ.स. 71 मध्ये इथं छावणी वसवली, नाव एबोराकम. 306 मध्ये कॉन्स्टंटाइनला सैन्याने सम्राट म्हणून इथंच पुकारलं, त्याचा पुतळा मोठ्या चर्चच्या बाजूला बसलेला आहे. 866 मध्ये व्हायकिंग आले, त्यांनी योर्विक म्हटलं, त्याचंच पुढे यॉर्क झालं. एकावर एक थर आहेत, आपल्या तापीकाठच्या थाळनेरसारखे, फक्त इथं ते जपून ठेवलेत आणि दाखवतात.

आधी जायचं कधी ते बघा. आपल्याकडे भुसावळला मे मध्ये 45 च्या पुढे पारा जातो तेव्हा तिकडे मस्त गार असतं, पण आपण गार म्हणतो ते आईवडिलांना थंडीच वाटते, म्हणून जून ते सप्टेंबर बरा. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, जेवण झाल्यावर पण फिरता येतं. डिसेंबरमध्ये चारच्या आत अंधार पडतो आणि ख्रिसमस मार्केटची गर्दी, म्हातारी माणसं सोबत असतील तर मी तरी नको म्हणेन. ऑगस्टमध्ये घोड्यांच्या शर्यतीचे दिवस असतात, त्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात, तारखा आधी बघून घ्या. शक्यतो रविवारी पोचा आणि मंगळवारी निघा, शुक्रवार-शनिवारपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

खोली बुक करताना एकच गोष्ट नक्की विचारा, लिफ्ट आहे का. तिकडचे छोटे गेस्ट हाऊस म्हणजे जुनी उंच घरं, जिना अरुंद आणि सरळ वर चढणारा, आणि खोली मिळते तिसऱ्या माळ्यावर. आम्ही विचारलं नव्हतं. आप्पा गुडघ्याला हात लावून लावून चढले आणि आईने बॅगा बघून कपाळाला हात लावला. शेवटी मालकीणबाईंनी खालची खोली दिली, भली बाई होती, पण दर वेळी रिकामी असेलच असं नाही. आणि त्यांच्याकडे फर्स्ट फ्लोअर म्हणजे आपला पहिला मजलाच, जिना चढून जायचा, तळमजला हवा असेल तर ग्राउंड फ्लोअर असंच लिहून मागा.

लंडनहून किंग्ज क्रॉस स्टेशनवरून यॉर्कला साधारण दोन तास लागतात, लीड्सहून तर अर्धा तास पण नाही. मँचेस्टर विमानतळावरून पण सरळ गाडी आहे, म्हणून मुलगा उत्तरेकडे राहत असेल तर लंडनला उतरायचा आग्रह सोडा. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त, पण स्वस्तातलं ॲडव्हान्स तिकीट त्याच गाडीचं असतं, त्याच वेळेचं. हे मला माहीत होतं तरी आम्ही फसलो. आईला स्टेशनवर टॉयलेटला जायचं होतं, मी म्हटलं जाऊ दे पुढची पकडू, आपल्याकडे एक गेली तर टीसीला सांगून दुसरीत बसतो ना तसं. पुढच्या गाडीत त्यांनी चौघांची नवीन तिकिटं काढायला लावली, आणि ती दिवसाच्या पूर्ण भावाची. पैसे गेले त्यापेक्षा आईला लागलं की आपल्यामुळे झालं, दिवसभर गप्प होती. म्हणून गाडीच्या अर्धा तास आधी स्टेशनवर या, पोटापाण्याचं सगळं उरकून घ्या आणि मगच फलाटावर जा. रेलकार्ड म्हणून पण एक असतं, दोघांचं वेगळं, फॅमिलीचं वेगळं, मोठ्यांच्या भाड्यात तिसरा हिस्सा वाचतो, दोन-तीन प्रवास असतील तर काढाच.

बॅगेत काय न्यायचं यावर आमच्याकडे भांडणं झाली. तूप, पेढे, खवा, दुधाचं काहीही आणि मटणाचं काहीही नेता येत नाही, तिथल्या कस्टमचा नियमच आहे. भरताची वांगी, हिरव्या मिरच्या असलं ताजं पण ठेवू नका, भावाला कितीही आठवण येत असली तरी. काळा मसाला, लसणाची कोरडी चटणी, केळीचे वेफर्स, शेव, बिबड्या, उडदाचे पापड, हे खुशाल न्या. आमच्या काळ्या मसाल्याच्या पुडीवर शेवभाजी भावाच्या घरी तीन वेळा झाली. तीन चौकोनी पिनांचा प्लग इथूनच घ्या. एक छोटी रिकामी बाटली पर्समध्ये ठेवा, टॉयलेटमध्ये फक्त कागद असतो, आईवडिलांची फार अडचण होते आणि ते लाजून सांगत नाहीत. तीच बाटली प्यायला नको, त्याची वेगळी घ्या, नळाचं पाणी तिकडे बिनधास्त पिता येतं. आणि बूट. आईने साडीवर स्पोर्ट शूज घातले, पहिल्या दिवशी लाजत होती, दुसऱ्या दिवशी म्हणाली चपला घरी नेऊन टाक. रस्ते दगडी गोट्यांचे आहेत, चपलेने पाय मुरगळतोच.

आता फिरणं. सगळ्यात आधी नावांचा गोंधळ समजून घ्या. यॉर्कात ‘गेट’ म्हणजे दरवाजा नाही, रस्ता. व्हायकिंगांच्या भाषेत रस्त्याला गाता म्हणायचे, त्यावरून स्टोनगेट, कॉपरगेट, मिकलगेट. आणि दरवाजाला म्हणतात ‘बार’. बूथम बार, मंक बार, वॉमगेट बार, हे सगळे कोटाचे, म्हणजे गावाभोवतीच्या जुन्या तटबंदीचे, दरवाजे आहेत. आप्पा पहिल्या दिवशी एवढे बार बघून भावाकडे बघायला लागले, मग त्याने समजावलं. धुळ्यासारखं गल्ली नंबर एक-दोन असतं तर सोपं गेलं असतं, पण इथं फोनवर नकाशा उघडा ठेवा आणि चुकलात तरी घाबरू नका, गाव एवढंसं आहे, कुठूनही मिन्स्टरचे, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचे, मनोरे दिसतात.

कोट मात्र सकाळी लवकर चाला. पूर्ण फेरी 3.4 किलोमीटरची, फुकट आहे, दोन तास लागतात. सगळा चालायची गरज नाही. बूथम बारला चढा आणि मंक बारला उतरा, हा मिन्स्टरच्या मागून जाणारा तुकडा सगळ्यात सुंदर आहे, लोकांच्या बागा, झाडं, आणि मधून ते चर्च. दोन्हीकडे पायऱ्या उभ्या आहेत आणि कोटाच्या आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, म्हणून लहान मूल असेल तर हात सोडू नका. पाऊस झाला असेल तर दगड निसरडे होतात, त्या दिवशी ठेवून द्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी पायऱ्यांखालीच बाक शोधा, आप्पा बूथम बारजवळ बसले आणि आम्ही आईला फिरवून आणलं.

मिन्स्टर 1220 पासून बांधायला घेतलं ते 1472 ला पूर्ण झालं, अडीचशे वर्षं. तिकीट आहे आणि स्वस्त नाही, तरी आत जा. पूर्वेकडची मोठी काचेची खिडकी बघायची तर सकाळी, कारण ऊन तिच्यामागून येतं. जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिराने ती 1405 ते 1408 या तीन वर्षांत केली, तीनशे अकरा चौकटी आहेत, जगाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतची गोष्ट. पहिल्या नजरेला नुसते रंगच दिसतात. अजिंठ्याच्या लेण्यात डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं ना, तसं इथं पण दहा मिनिटं खुर्चीवर शांत बसा, मग एकेक माणूस, प्राणी सुटा दिसायला लागतो. छोटी दुर्बीण असेल तर सोबत ठेवाच. वरच्या मनोऱ्याला 275 पायऱ्या आहेत, अरुंद गोल जिना, आठ वर्षांखालच्यांना सोडत नाहीत, गुडघेवाल्यांनी नाव पण काढू नये. तळघरात रोमन छावणीचे अवशेष आहेत, 1960-70 च्या दरम्यान पाया पक्का करताना सापडले, तेवढं चुकवू नका. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, बघणाऱ्यांना दुपारी सोडतात. आणि तिकीट परवडत नसेल तर संध्याकाळच्या प्रार्थनेला जा, इव्हनसाँग म्हणतात, पैसे लागत नाहीत. कोणी धर्म विचारत नाही, शांत बसायचं, फोन बंद. आईला इंग्रजीचा एक शब्द कळला नाही पण पोरं गायला लागली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले आणि संपेपर्यंत उघडले नाहीत.

शॅम्बल्स गल्ली सगळे फोटोत बघून येतात. खाटिकांची गल्ली होती ती, खिडक्यांखाली मांस मांडायच्या रुंद फळ्या आणि टांगायचे हुक अजून आहेत, वरचे मजले पुढे झुकून एकमेकांना जवळजवळ टेकलेत. दुपारी तिथं पाय ठेवायला जागा नसते, सकाळी आठला जा, दुकानं बंद असतात पण गल्ली तुमची. क्लिफर्ड्स टॉवरची टेकडी पण छोटी आहे, वरून गाव दिसतं, पण आईवडिलांना तिथली गोष्ट सांगूनच वर न्या. 1190 च्या मार्चमध्ये जमावाच्या भीतीने गावातले दीडशेच्या आसपास ज्यू तिथल्या लाकडी मनोऱ्यात लपले आणि सगळे मेले, बऱ्याच जणांनी स्वतःच जीव दिला. आताचा दगडी मनोरा नंतरचा. तिथं सेल्फी काढावासा मला वाटला नाही.

शाकाहारी लोकांनी नीट वाचा. त्या भागात फिश अँड चिप्सच्या बऱ्याच दुकानात बटाटे पण गाईबैलाच्या चरबीत तळतात, ड्रिपिंग म्हणतात तिला. म्हणजे नुसते चिप्स घेतले तरी शाकाहारी नाहीत. आत शिरतानाच विचारा, तेल कुठलं आहे. यॉर्कशायर पुडिंग गोड नसतं, अंडं असतं त्यात, आणि बऱ्याचदा त्याच चरबीत भाजतात. जेली, मऊ गोळ्या यात जिलेटिन असतं. मेन्यूवर व्ही लिहिलेलं बघा आणि तरी एकदा विचारा, ते लोक चिडत नाहीत, नीट सांगतात. स्कोन, म्हणजे चहाबरोबरचा छोटा गोडसर पाव, आणि चहा मात्र पोटभर घ्या. बेटीज म्हणून प्रसिद्ध चहाचं दुकान आहे, रांग मोठी असते, उघडताना किंवा संध्याकाळी जा. पोरांना सांगायला अजून एक, किटकॅट याच गावातलं, राउंट्रीच्या कारखान्यातून 1935 मध्ये निघालं.

आणि आता रेल्वे म्युझियम. भुसावळवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. नॅशनल रेल्वे म्युझियम, स्टेशनच्या अगदी मागे, 1975 पासून आहे, प्रवेश फुकट, आधी वेबसाइटवर वेळ बघून घ्या. बाकी सगळं सोडा पण घरात कोणी रेल्वेतलं असेल तर अर्धा दिवस इथं ठेवा. मॅलार्ड नावाचं निळं इंजिन आहे, 3 जुलै 1938 ला ताशी 126 मैल धावलं, म्हणजे 200 किलोमीटरच्या वर, वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आहे. जपानची बुलेट ट्रेन पण उभी आहे, आत बसता येतं. पण आप्पा थांबले ते दुसरीकडेच. एलरमन लाइन्स नावाचं एक इंजिन आहे, त्याची एक बाजू पूर्ण कापून उघडी केली आहे, भट्टी, बॉयलर, नळ्या, सिलेंडर, सगळं आतून दिसतं. आप्पा भुसावळच्या शेडमध्ये खलाशी म्हणून लागले तेव्हा वाफेची इंजिनं होती. गुडघा विसरून ते वाकले, बोटाने हवेतच एकेक नळी दाखवत नातवाला सांगायला लागले, “हाई देख, आठेन धग जास, नी आजूबाजूले पानी ऱ्हास.” आगीची धग नळ्यांतून, पाणी नळ्यांच्या बाहेर. नातू तिकडे जन्मलेला, त्याला अहिराणी अर्धीच कळते, पण तो बोट जाईल तिकडे बघत होता. तिथले एक म्हातारे स्वयंसेवक आले, त्यांनी आप्पांना इंग्रजीत काहीतरी विचारलं, भावाने सांगितलं की हे रेल्वेतलेच, आणि मग दोघं अर्धा तास इंजिनाभोवती फिरत होते, एक इंग्रजीत, एक अहिराणीत, आणि भाऊ मध्ये उभा राहून शेवटी भाषांतर करायचं पण थांबला.

म्हणून तिथं घड्याळ लावून जाऊ नका. स्वयंसेवकांना तुमच्या माणसाची नोकरी सांगा, बाकी ते बघतात.

योर्विक सेंटर, म्हणजे व्हायकिंगांचं गाव, नातवंडं असतील तरच. कॉपरगेटच्या खाली खोदताना जे सापडलं त्यावर उभं केलंय, छोट्या गाडीत बसवून फिरवतात आणि त्या काळचे वास पण सोडतात. तिकीट आधी काढा. आईला त्या वासाने मळमळलं, तिला बाहेर ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

निघायच्या दिवशी सामान घेऊन धावपळ करू नका. गेस्ट हाऊसवाल्यांना विचारून बॅगा तिथेच ठेवा, ऊझ नदीच्या काठाने चक्कर मारा, किंग्ज आर्म्स नावाच्या पबच्या आत भिंतीवर कोणत्या वर्षी पुराचं पाणी कुठवर आलं त्या खुणा आहेत, तापीचे पूर बघितलेल्यांना त्या बघायला आवडतात, आत डोकावलं तरी कोणी काही म्हणत नाही. मग स्टेशनवर अर्धा तास आधी. 1877 चं स्टेशन आहे, फलाटावरचं छत वळणावर वळत जातं, आप्पा आमची गाडी लागली तरी मान वर करून तेच बघत होते, मीच हात धरून डब्यात बसवलं.