विंडोज ११ टाकल्यावर स्क्रीन बिघडली? मॉनिटर बदलण्याआधी हे तपासा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि घरोघरी, दुकानांत, सीएंच्या ऑफिसांत विंडोज ११ टाकायची घाई सुरू झाली. त्यासोबत तक्रारीही सुरू झाल्या. अक्षरं मोठमोठी आणि फाटलेली दिसतात, स्क्रीन लुकलुकते, ब्राइटनेस कमीजास्त होत नाही, दुसरा मॉनिटर सापडत नाही, नाहीतर सरळ काळोख. असं झालं की बरेच जण नागपुरात बर्डीच्या बाजारात जाऊन नवा मॉनिटर विचारतात, किंवा कुणीतरी ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणतं. दोन्हीची गरज क्वचितच पडते. कालपर्यंत नीट चालणारी स्क्रीन अपग्रेडच्याच दिवशी बिघडली, तर पहिला संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजला ग्राफिक्सच्या हार्डवेअरशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवर घ्यावा. तो संशय खरा की खोटा हे थोड्याच वेळात कळतं.

आधी बायोस उघडून बघा

बायोस म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणारा मदरबोर्डचा सेटिंगचा पडदा. मशीन पूर्ण बंद करा, चालू करा आणि लगेच बायोसची की दाबत राहा. डेस्कटॉपवर बहुधा डिलीट किंवा एफ२, डेल आणि एसरच्या लॅपटॉपवर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोवोवर एफ१ किंवा एफ२. बायोसच्या पडद्यावर विंडोजचा किंवा ड्रायव्हरचा काही संबंध नसतो. तिथेच रेषा, लुकलुक किंवा डाग दिसले तर दोष केबल, पॅनेल, रॅम किंवा ग्राफिक्स कार्डात आहे, आणि सॉफ्टवेअरशी कितीही झटापट केली तरी तो जाणार नाही. बायोस स्वच्छ, स्थिर दिसलं आणि विंडोज सुरू होताच गडबड झाली, तर ड्रायव्हर किंवा सेटिंग. दहा मिनिटं बायोस उघडं ठेवून बघा. काही पॅनेल गरम झाल्यावरच लुकलुकतात.

कंपनीचा लोगोही येत नसेल, म्हणजे पूर्ण ‘नो डिस्प्ले’ असेल, तर केबल बघा. ग्राफिक्स कार्ड बसवलेल्या सीपीयूत मागे दोन ठिकाणी पिना असतात, वर मदरबोर्डच्या आणि खाली आडव्या पट्टीत कार्डाच्या. केबल कार्डालाच हवी. साफसफाईत ती वरच्या पोर्टला लागली आणि प्रोसेसर इंटेलच्या ‘एफ’ मालिकेतला असेल, तर त्यात ग्राफिक्सच नसल्यामुळे काहीच दिसणार नाही. बीप ऐकू येत असतील तर बहुधा रॅम. प्लग काढा, पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून ठेवा, रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा स्वच्छ खोडरबरानं हलक्या हातानं घासा, कण झटका आणि दोन्ही बाजूंचे खटके लागेपर्यंत परत बसवा.

अपग्रेड अजून संपलंच नसेल तर

अपग्रेडच्या मधोमध मशीन अनेकदा रीस्टार्ट होतं आणि स्क्रीन बराच वेळ काळी राहते. जुन्या हार्ड डिस्कवर हे तासन्‌तास चालू शकतं. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर हात लावू नका. मधेच बटण दाबून बंद केलं तर अर्धा ड्रायव्हर बसतो, अर्धा नाही, आणि पुढचा सगळा त्रास तिथून सुरू होतो. नागपुरात एप्रिल ते जूनमध्ये संध्याकाळी वारा सुटला की लाइट जाते, म्हणून डेस्कटॉपचं अपग्रेड यूपीएसशिवाय करूच नका. लॅपटॉपला चार्जर लावलेला हवा आणि बॅटरीही भरलेली.

विंडोज चालू आहे, पण स्क्रीन काळी

माउसचा बाण दिसतो का? दिसत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडला तर ‘रन न्यू टास्क’मध्ये एक्सप्लोरर टाइप करून एंटर करा. डेस्कटॉप परत आला तर ड्रायव्हर ठीक आहे, फक्त विंडोजचा पडदा सुरू झाला नव्हता.

बाणही नसेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार की एकत्र दाबा. यानं ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. एक बीप येतो आणि स्क्रीन क्षणभर मिचकते. उघडलेल्या फायली बंद होत नाहीत. त्यानंतर विंडोज आणि पी दाबा. अपग्रेडनंतर कधीकधी ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडलेलं राहतं आणि विंडोज चित्र न जोडलेल्या प्रोजेक्टरकडे पाठवत बसतं. थोडं थांबून पी पुन्हा दाबत गेलात की निवड एकेक घर सरकते. मग एंटर.

तरीही काही नाही? मग सेफ मोड, म्हणजे मोजक्या, साध्या ड्रायव्हरवर चालणारं विंडोज. विंडोजचा लोगो आला की पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं दोनतीनदा केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. त्यात ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ दाबा. इंटरनेट हवं असेल तर ५.

इथे दोन गोष्टी अडवतात. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप लागलेलं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असू शकते, म्हणून फोनवर खात्यात लॉगिन करून आधी शोधून ठेवा. दुसरं, सेफ मोडमध्ये कधीकधी चार अंकी पिन चालत नाही आणि खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. तो आठवत नसेल तर अपग्रेडच्या आधीच बदलून घ्या.

सेफ मोडमध्ये स्क्रीन आली, भले अक्षरं बेढब का असेनात, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा.

ड्रायव्हर काढून नव्यानं टाकणं

विंडोज आणि एक्स दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘डिस्प्ले ॲडॉप्टर्स’ बघा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’ लिहिलेलं असेल तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. विंडोजनं कामचलाऊ ड्रायव्हर लावला आहे. १०२४ बाय ७६८ वर अडकलेली स्क्रीन, गायब झालेली ब्राइटनेसची पट्टी, न सापडणारा दुसरा मॉनिटर आणि अडखळणारा व्हिडिओ, या चारही तक्रारी या एकाच ओळीतून येतात. नावाशेजारी पिवळा त्रिकोण आणि आत ‘कोड ४३’ असेल तर ड्रायव्हर बसला आहे पण कार्डानं अडचण कळवल्यामुळे विंडोजनं ते थांबवलं आहे.

कार्ड कोणत्या कंपनीचं हेच माहीत नसेल तर त्या ओळीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज बघा. ‘व्हीईएन’ या अक्षरांनंतर ८०८६ असेल तर इंटेल, १०डीई असेल तर एनव्हीडिया, १००२ असेल तर एएमडी.

आता पुढचा क्रम मोडू नका:

१. लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर तळाच्या स्टिकरवरून लिहून घ्या. त्याच कंपनीच्या सपोर्ट पानावरून विंडोज ११ साठीचे चिपसेट (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपा) आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर उतरवा. असेंबल केलेल्या डेस्कटॉपसाठी चिपसेट मदरबोर्डच्या कंपनीकडून आणि ग्राफिक्स इंटेल, एएमडी किंवा एनव्हीडियाच्या साइटवरून.

२. इंटरनेट तोडा, वायफायही बंद. हे बहुतेक जण विसरतात. जुना ड्रायव्हर निघताच विंडोज अपडेट मागच्या दारानं स्वतःचा ड्रायव्हर टाकायला लागतं आणि दोन्हींची गाठ पडते.

३. डिव्हाइस मॅनेजरमध्ये राइट क्लिक, ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’. ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकटीत टिक करा. टिक करायची राहून गेली तर जुनाच ड्रायव्हर रीस्टार्टनंतर परत येतो. स्क्रीन काही सेकंद काळी होईल.

४. रीस्टार्ट करा. आधी चिपसेट, मग प्रोसेसरमधलं ग्राफिक्स, सगळ्यात शेवटी एनव्हीडिया किंवा एएमडीचं वेगळं कार्ड. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये पडदा बहुधा प्रोसेसरच्या ग्राफिक्सला जोडलेला असतो. म्हणून तो पाया आधी घालावा लागतो. एनव्हीडियाच्या इन्स्टॉलरमध्ये ‘कस्टम’ निवडून ‘क्लीन इन्स्टॉलेशन’ला टिक करा.

५. पुन्हा रीस्टार्ट, स्क्रीन ठीक झाल्याची खात्री, आणि मगच इंटरनेट.

एवढं करूनही जुने अवशेष त्रास देत असतील तर ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हे मोफत साधन सेफ मोडमध्ये वापरतात. पहिल्याच फटक्यात ते वापरायची गरज नाही. आणि ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी सॉफ्टवेअर टाळाच. ती मॉडेल न पाहता जवळपासचा ड्रायव्हर टाकतात आणि सोबत नको त्या गोष्टीही.

विंडोज ११ ला डायरेक्टएक्स १२ आणि डब्ल्यूडीडीएम २.० (विंडोजच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा साचा) चालवणारं ग्राफिक्स लागतं. तिसऱ्या पिढीच्या आय३, आय५ मधलं एचडी ४००० त्यात बसत नाही. अशा मशीनवर तपासणी चुकवून विंडोज ११ टाकून दिलेलं असेल, तर इंटेलनं त्यासाठी ड्रायव्हर काढलेलाच नाही. विंडोज १० चा जुना ड्रायव्हर चालला तर चालला. दुकानातल्या मशीनमध्ये सर्रास दिसणाऱ्या केप्लर पिढीच्या जीटी ७१० कार्डाला एनव्हीडियाच्या ४७० मालिकेचाच ड्रायव्हर हवा, त्याहून नवा बसत नाही. साइटवर सगळ्यात वरचा, नवा दिसतो म्हणून उतरवला तर इन्स्टॉलर ‘हार्डवेअर सापडलं नाही’ म्हणून थांबेल. कार्ड चांगलं आहे, ड्रायव्हर चुकीचा आहे.

अक्षरं फाटलेली, चित्र ताणलेलं

सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले. रिझोल्यूशनमध्ये जिथे ‘रेकमेंडेड’ लिहिलं आहे तेच निवडा. साडेअठरा इंची मॉनिटर साधारण १३६६ बाय ७६८, साडेएकवीस इंची १९२० बाय १०८०. ही संख्या यादीतच नसेल आणि ड्रायव्हर नीट बसलेला असेल, तर केबल तपासा. मॉनिटर स्वतःची माहिती केबलमधल्या तारांतून कॉम्प्युटरला कळवतो. निळ्या व्हीजीए केबलची पिन वाकली असेल, किंवा एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा स्वस्त कन्व्हर्टर ती माहिती पुढे देत नसेल, तर विंडोज सुरक्षित म्हणून १०२४ बाय ७६८ धरतं. दोन्ही टोकांना नुसत्या पिना असलेली एचडीएमआय ते व्हीजीए केबल तर बहुतेक मशीनवर चालतच नाही. आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो.

टीव्ही मॉनिटर म्हणून वापरता आणि टास्कबार कडेला कापला जातो? ते टीव्हीच्या रिमोटवरून सुटतं. पिक्चर साइझमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ निवडा.

रिझोल्यूशन बरोबर पण अक्षरं धूसर असतील तर स्केल बघा, १००, १२५ किंवा १५० टक्के. एखाद्याच जुन्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरची अक्षरं धूसर असतील तर त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’, आणि खालच्या चौकटीत टिक करून ‘सिस्टम एन्हान्स्ड’.

मराठी टायपिंग करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट भेटते. नव्यानं विंडोज टाकल्यावर जुन्या अर्जांतला मजकूर वेगळाच दिसू लागतो, ओळी पानाबाहेर जातात. ‘मंगल’ हा फॉन्ट आता नेहमीच्या संचात नसतो, त्याच्या जागी ‘निर्मला’ येतो आणि अक्षरांची रुंदी बदलते. सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ जोडा. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे सगळे परत येतील.

लुकलुक आणि फिके रंग

लुकलुक होत असताना टास्क मॅनेजर उघडा. त्याची खिडकीही लुकलुकत असेल तर ड्रायव्हर. बाकी सगळं लुकलुकतंय आणि ती एकटी स्थिर आहे, तर एखादं ॲप, बहुधा जुना अँटिव्हायरस किंवा वॉलपेपर बदलणारं सॉफ्टवेअर. ते काढा. ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिफ्रेश रेटही बघा. साध्या मॉनिटरला ६० हर्ट्झ ठेवा. रंग धुतल्यासारखे असतील तर एचडीआर बंद करा, पिवळट असतील तर ‘नाइट लाइट’.

उन्हाळा आणि कूलर

अपग्रेडनंतर विंडोज पहिला दिवसभर मागे फायली तपासत, अपडेट उतरवत बसतं. त्यामुळे मशीन नेहमीपेक्षा जास्त तापतं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना, धुळीनं बुजलेल्या पंख्यासोबत, ग्राफिक्स चिप गरम होऊन स्क्रीन अचानक काळी होते आणि ड्रायव्हर बदलून काही फरक पडत नाही. अपग्रेडच्या आधी सीपीयूची धूळ काढा. खोलीतल्या कूलरच्या थेट झोतात मात्र सीपीयू ठेवू नका. ओलसर हवेनं रॅम आणि कार्डाच्या कडांवर थर चढतो. कूलरची मोटर सुरू होताना स्क्रीन क्षणभर जात असेल तर दोघांचा बोर्ड वेगळा करा, कारण त्या क्षणी व्होल्टेज खाली येतं.

जमलंच नाही तर

अपग्रेडला दहा दिवस झाले नसतील तर सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरीमध्ये ‘गो बॅक’, म्हणजे जुन्या विंडोजवर परत जाण्याची सोय, चालू असते. फायली राहतात, नंतर टाकलेली सॉफ्टवेअर जातात. डिस्क साफ करताना ‘विंडोज ओल्ड’ फोल्डर उडवलं असेल तर हा मार्ग बंद, म्हणून स्क्रीन नीट झाल्याशिवाय जागा मोकळी करायला जाऊ नका.

मशीन दुरुस्तीला द्यायचंच ठरलं तर तीन गोष्टी कागदावर लिहून द्या: बायोसमध्ये स्क्रीन कशी दिसली, सेफ मोडमध्ये कशी दिसली, आणि डिस्प्ले ॲडॉप्टर्सखाली काय नाव होतं. ‘फॉरमॅट करू नका, आधी ग्राफिक्स ड्रायव्हर बघा’ हेही स्पष्ट सांगा, आणि डेटाचा बॅकअप घरूनच घेऊन जा.