छोट्या देशाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा तपासणी कार्यक्रम कसा उभारावा

मोठ्या आतड्याचा आणि मलाशयाचा कर्करोग बहुतेक वेळा पॉलिपमधून, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आलेल्या लहानशा गाठीतून वाढतो, आणि या वाढीला साधारणतः १० वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. इतकी सवड देणारे कर्करोग फार थोडे आहेत. या काळात पॉलिप सापडला तर कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून आतडे आतून पाहण्याची तपासणी, चालू असतानाच तो काढून टाकता येतो आणि कर्करोग होण्याआधीच टळतो. म्हणूनच काहीही त्रास नसलेल्या लोकांना ठरावीक वयात बोलावून त्यांची तपासणी करणे योग्य ठरते. ज्यांना शौचावाटे रक्त जाते किंवा ज्यांचे वजन कारणाविना घटते, त्यांनी मात्र या बोलावण्याची वाट पाहायची नाही. त्यांना थेट डॉक्टरांकडे पाठवण्याची व्यवस्था कार्यक्रमाबाहेर आणि त्याच्या आधीपासून असली पाहिजे.

दहा-वीस लाख लोकसंख्येच्या देशात आरोग्य खाते हा कार्यक्रम हाती घेते तेव्हा चर्चा बहुधा शौच तपासणीच्या किटच्या किमतीपासून सुरू होते. माझ्या मते सुरुवात तेथून करू नये. शौचातील रक्त शोधणारे हे किट कितीही मागवता येतात, पण चाचणी पॉझिटिव्ह आली की पुढे कोलोनोस्कोपी करावीच लागते. कोलोनोस्कोपी करणारे कुशल हात मागवता येत नाहीत, आणि संपूर्ण कार्यक्रमाची गती तेच ठरवतात. त्यामुळे पहिले काम म्हणजे देशातील प्रत्येक एंडोस्कोपी विभागात जाऊन आठवड्याला किती कोलोनोस्कोपी होतात, त्यांतील किती जागा आजच्या रुग्णांसाठी लागतात आणि किती मोकळ्या राहतात, याची मोजदाद करणे.

ही मोजदाद का महत्त्वाची आहे, हे एका हिशेबाने पाहू. देशाची लोकसंख्या १० लाख आहे आणि त्यांपैकी ३ लाख लोक ५० ते ७४ या वयोगटात आहेत असे धरू. दर दोन वर्षांनी तपासणी करायची तर वर्षाला दीड लाख लोकांना बोलवावे लागेल. त्यांतील ६० टक्के लोकांनी नमुना पाठवला तर ९०,००० चाचण्या होतील. त्यांतील ६ टक्के चाचण्या पॉझिटिव्ह आल्या तर ५,४०० जणांना कोलोनोस्कोपीचा सल्ला द्यावा लागेल, आणि दहापैकी नऊ जण आले तरी वर्षाला ४,८६० कोलोनोस्कोपी कराव्या लागतील. एका सत्रात पाच आणि वर्षात कामाचे ४४ आठवडे धरले तर आठवड्याला बावीस सत्रे लागतात, तीही आजच्या कामावर अधिकची. शिवाय ज्यांचे पॉलिप काढले आहेत त्यांना काही वर्षांनी पुन्हा बोलवावे लागते, त्यामुळे हा आकडा पुढे वाढतच जातो. आपल्या देशाचे आकडे या हिशेबात घालून पाहावेत. उत्तर हाती आलेल्या क्षमतेत बसत नसेल, तर चाचणी सुरू करण्याआधी बदल करावा.

बदल करण्याच्या दोन जागा आहेत: वयोगट आणि कटऑफ. आयर्लंडने २०१२ मध्ये कार्यक्रम सुरू केला तो ६० ते ६९ या वयोगटापुरता, कारण सर्वांना एकदम बोलावण्याइतकी क्षमता नव्हती. एस्टोनियानेही २०१६ मध्ये साठीच्या लोकांपासून टप्प्याटप्प्याने सुरुवात केली. हा मार्ग प्रामाणिक आहे, कारण ज्यांना बोलावले त्यांना पुढची सेवा वेळेत मिळते. कटऑफ म्हणजे शौचात किती हिमोग्लोबिन आढळल्यास चाचणी पॉझिटिव्ह मानायची ती मर्यादा. नेदरलँड्सने २०१४ मध्ये प्रति ग्रॅम १५ मायक्रोग्रॅम या कटऑफने सुरुवात केली; पॉझिटिव्ह निकाल अपेक्षेपेक्षा बरेच जास्त येऊ लागले, कोलोनोस्कोपीच्या रांगा लांबल्या आणि त्याच वर्षी कटऑफ ४७ वर न्यावा लागला. मनुष्यबळ असलेल्या देशालाही जे सावरावे लागले, ते छोट्या देशाने आधीच ओळखावे. कटऑफ वाढवला की काही पॉलिप आणि काही कर्करोग त्या फेरीत निसटतात, हे धोरण ठरवणाऱ्यांनी लेखी मान्य करावे आणि क्षमता वाढली की तो खाली आणण्याची तारीखही ठरवावी.

चाचणी कोणती, या प्रश्नावर आता फारसा वाद उरलेला नाही. मानवी रक्तातील ग्लोबिन प्रतिपिंडांच्या साहाय्याने ओळखणारी फिट चाचणी घ्यावी. जुन्या ग्वायाक चाचणीसाठी आहारात पथ्य पाळावे लागे, तसे तिच्यासाठी लागत नाही, आणि तिचा निकाल यंत्रावर आकड्यात मिळत असल्याने कटऑफ आपल्या हाती राहतो. तरीही एका वेळच्या फिट चाचणीत दर पाच कर्करोगांपैकी सुमारे चारच सापडतात, म्हणून दर दोन वर्षांनी ती पुन्हा करण्याला महत्त्व आहे आणि निकालपत्रात हे स्पष्ट लिहिले पाहिजे.

छोट्या देशाची खरी ताकद निमंत्रणात दिसते. सुमारे २१ लाख लोकसंख्येच्या स्लोव्हेनियाने २००९ पासून देशभर चालवलेला स्वित कार्यक्रम यासाठी बारकाईने पाहण्यासारखा आहे. आरोग्य विम्याच्या नोंदीतून पात्र व्यक्तीला पत्र जाते. ती सहभागाच्या संमतीवर सही करून ते परत पाठवते, मग किट घरी येते, आणि नमुने टपालाने एकाच मध्यवर्ती प्रयोगशाळेत जातात. ज्यांचे उत्तर येत नाही त्यांना स्मरणपत्र जाते, आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही कळवले जाते. २०१५ पासून तेथे वयोमर्यादा ७४ पर्यंत नेली आहे. २०१० च्या आसपास शिखर गाठल्यानंतर या कर्करोगाच्या नव्या रुग्णांची संख्या तेथे घटत गेली. एकच प्रयोगशाळा, एकच नोंदवही आणि एकच दूरध्वनी केंद्र हे छोट्या देशाला सहज जमते. चार जिल्ह्यांना चार वेगवेगळ्या पद्धती देण्याचा मोह टाळावा.

किटमधील सूचनापत्रक लिहिताना जितकी काळजी घ्यावी तितकी थोडी. नळीच्या झाकणाला जोडलेल्या काडीच्या टोकाला बारीक खाचा असतात. ही काडी शौचाच्या पृष्ठभागावर दोन-चार ठिकाणी टोचायची, खाचा भरतील एवढेच घ्यायचे आणि झाकण घट्ट लावायचे. लोक भीतीपोटी जास्त नमुना घेतात, किंवा शौच भांड्यातील पाण्यात पडू देतात; म्हणून शौच झेलण्यासाठी कागद किटमध्येच द्यावा. नळीवर तारीख लिहिण्याची जागा ठळक ठेवावी, कारण तारीख नसलेला नमुना बाद करावा लागतो आणि त्या व्यक्तीकडून पुन्हा नमुना येईलच याची खात्री नसते. उष्णतेत हिमोग्लोबिन विघटित होते आणि निकाल खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून उन्हाळ्यात किट पाठवण्याचा वेग कमी करावा, आणि नमुना शनिवार-रविवारी टपालपेटीत पडून राहू नये म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला टाकण्याची सूचना द्यावी.

पॉझिटिव्ह निकाल नुसत्या पत्राने कळवू नये. पत्र पोहोचण्याच्या सुमारास प्रशिक्षित परिचारिकेने फोन करावा, हे कर्करोगाचे निदान नाही हे समजावावे आणि त्याच फोनवर कोलोनोस्कोपीची तारीख द्यावी. युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार ही तपासणी ३१ दिवसांत व्हावी. १० महिन्यांहून अधिक विलंब झाल्यास पुढे गेलेला कर्करोग आढळण्याचा धोका वाढतो, असे मोठ्या अभ्यासात दिसले आहे. पोट साफ करण्याचे औषध आदल्या संध्याकाळी अर्धे आणि तपासणीच्या दिवशी अर्धे असे विभागून दिल्यास आतडे अधिक स्वच्छ होते. रक्त पातळ करणारी औषधे आणि मधुमेहाची औषधे यांची चौकशी याच फोनवर करावी.

कोलोनोस्कोपीच्या दर्जाबाबत तडजोड नको. दुर्बीण आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत, किमान ९० टक्के तपासण्यांत पोहोचली पाहिजे, आणि ती बाहेर काढताना किमान सहा मिनिटे अस्तर पाहण्यात गेली पाहिजेत. प्रत्येक डॉक्टरला किती तपासण्यांत ॲडेनोमा, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकणारा पॉलिप, सापडतो, हे वेगळे मोजावे. छोट्या देशात असे डॉक्टर दहा-बाराच असतात, एकमेकांना ओळखतात, आणि म्हणून एकाचा आकडा खाली आहे हे सांगणे अवघड होते. तरी ते सांगितलेच पाहिजे, कारण त्या एका डॉक्टरच्या यादीत देशातील दहावा हिस्सा लोक असू शकतात. शेजारच्या देशातील तज्ज्ञाकडून वर्षातून एकदा परीक्षण करून घेतल्यास हा संकोच बराच कमी होतो. तेच पॅथॉलॉजीचे, म्हणजे काढलेले पॉलिप सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचे: कठीण स्लाइडवर दुसरे मत घेण्यासाठी परदेशी प्रयोगशाळेशी आधीच करार असावा.

खासगीपणाचा प्रश्नही छोट्या जागी अधिक तीव्र असतो. टपाल देणारा, आरोग्य केंद्रातील लिपिक आणि परिचारिका ओळखीचेच निघतात. पाकिटावर कार्यक्रमाचे नाव छापू नये, नमुन्यावर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असावा, आणि निकाल कोणी केव्हा उघडून पाहिला याची नोंद संगणकात राहावी.

आकड्यांचे मूल्यमापन करताना एका वर्षावर विसंबू नये. संख्या लहान असल्याने दोन-चार रुग्णांनीही टक्केवारी हलते, म्हणून सलग तीन वर्षांची सरासरी पाहावी. सहभाग ४५ टक्क्यांच्या खाली असल्यास निमंत्रणाची पद्धत तपासावी. युरोपीय सूचनांत ६५ टक्क्यांहून अधिक सहभाग अपेक्षित धरला आहे. दरवर्षी कर्करोग नोंदणीची यादी कार्यक्रमाच्या नोंदींशी जुळवून, चाचणी निगेटिव्ह आल्यानंतर दोन वर्षांच्या आत कोणाला कर्करोग झाला ते शोधावे, अशा प्रत्येक व्यक्तीची जुनी चाचणी किंवा कोलोनोस्कोपीचा अहवाल पुन्हा वाचावा, आणि जे आढळले ते त्या व्यक्तीला किंवा तिच्या कुटुंबाला कळवण्याची रीत पहिल्या पत्रापूर्वीच लेखी ठरवून ठेवावी.