चादरवाल्याची साइट: वर्डप्रेसमधून साध्या फायलींत

सोलापूरच्या साखर पेठेतले एक चादरवाले शेठ माझं गिऱ्हाईक, त्यांची साइट मी सांभाळतो. त्यांचा सकाळी सकाळी फोन आला: "अहो, आपल्या साइटवर चादरी जाऊन कसल्या गोळ्या विकायला लागल्यात की हो!" साइट वर्डप्रेसवर, म्हणजे पानं बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, होती. त्याचं एक जुनं प्लगइन (वरून जोडायचा भाग) अपडेट करायचं राहिलं होतं, त्यातून कुणीतरी आत घुसलं. चूक माझीच.

ती साइट वर्षातून दोनदा बदलते, गड्ड्याच्या जत्रेआधी आणि दिवाळीआधी. एवढ्यासाठी सर्व्हरवर पीएचपी (मागणी आली की पान तयार करणारी भाषा) आणि डेटाबेस बारा महिने चालवायचा म्हणजे गिऱ्हाईक दारात आल्यावर माग लावून चादर विणायला घेण्यासारखं. दुकानात थप्पी तयार असते, तशी पानंही आधीच एचटीएमएल, म्हणजे ब्राउझर थेट दाखवतो अशा तयार फायली, करून ठेवावीत. आता वर्डप्रेस माझ्या लॅपटॉपवर झॅम्पमध्ये (आपल्याच मशीनवर सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) असतं आणि सर्व्हरवर फक्त फायली जातात.

आधी पानांचे पत्ते बघा. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस पत्ताही मराठीतच करतं, आणि साठवताना एकेका अक्षराची, आणि प्रत्येक काना-मात्रेचीही वेगळी, नऊ-नऊ चिन्हं होतात. 'सोलापुरी-चादर' एवढ्याचीच 109 भरतात. डेटाबेसात पत्त्याला जागा 200 चिन्हांची, म्हणजे लांब शीर्षक मधेच तुटतं. शिवाय असल्या नावांचे फोल्डर झिपमधून विंडोजवर आणि तिथून सर्व्हरवर नेताना नावं बिघडतात ती वेगळीच. म्हणून एक्सपोर्टच्या, म्हणजे वर्डप्रेसमधून तयार फायली काढायच्या, आधी सगळे पत्ते इंग्रजी अक्षरांत, छोटे करून घ्या. पत्ता बदलला की जुन्यावरून नव्याकडे वर्डप्रेस आपोआप पाठवतं, पण ते काम पीएचपीचं. साध्या फायलींत ती सोय उरत नाही. अपाचे सर्व्हर असेल तर एचटीॲक्सेस या सेटिंगच्या फायलीत प्रत्येक जुन्या पत्त्यासाठी 301ची ('पत्ता कायमचा बदलला' असं सांगणारी) एकेक ओळ हातानं लिहावी लागते. कंटाळवाणं आहे, पण गूगलवरून येणारं गिऱ्हाईक परत जाऊ द्यायचं नसेल तर लिहा.

एक्सपोर्टला सिम्प्ली स्टॅटिक हे प्लगइन पुरतं. बटण दाबा, झिप घ्या. सेटिंगमध्ये लिंका सापेक्ष (डोमेनचं नाव न लिहिता) ठेवायच्या की पूर्ण पत्त्याच्या, हे विचारतं. पूर्ण पत्ता निवडलात तर खऱ्या डोमेनचाच द्या. मी कमांडवाला माणूस असल्यानं बऱ्याचदा डब्ल्यूगेट, म्हणजे अख्खी साइट उतरवून घेणारा प्रोग्रॅमच, वापरतो: मिरर, पेज-रिक्विझिट्स, ॲडजस्ट-एक्स्टेन्शन आणि कन्व्हर्ट-लिंक्स हे चार पर्याय लावून. यात एक मेख आहे. लिंका बदलायचं काम तो सगळं उतरवून झाल्यावर, शेवटी करतो. मधेच लाइट गेली की लिंका जुन्याच राहतात, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून चालवा. आणि लेझी-लोडचं (पान खाली सरकवल्यावरच फोटो आणणारं) प्लगइन आधी बंद करा, नाहीतर चादरींचे निम्मे फोटो येतच नाहीत.

दोन्ही पद्धतींत, ज्या पानाकडे कुठूनच लिंक नाही ते सुटू शकतं. आमचं घाऊक दरांचं पान असंच राहिलं होतं, कारण त्याची लिंक फक्त व्हॉट्सॲपवर फिरायची. वर्डप्रेस 5.5पासून साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी, स्वतःच बनवतं. त्यातले पत्ते मोजा, एचटीएमएल फायली मोजा, नसेल ते पान हातानं घाला. मग सगळ्या फायलींत 'लोकलहोस्ट' हा शब्द, म्हणजे माझ्या लॅपटॉपचाच पत्ता, शोधा. एक जरी सापडला तरी अपलोड करू नका.

फॉर्म, शोध आणि प्रतिक्रिया बंद पडणार, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. फॉर्मच्या जागी मी व्हॉट्सॲपची थेट लिंक दिली. नंबर 91नं सुरू करायचा, आधी अधिकचं चिन्ह नको, शून्य नको, मधे मोकळी जागा नको. शेठ म्हणाले, "फॉर्म कोण भरत होतं तसंही?"

अपलोड करताना जुना फोल्डर आधी रिकामा करा. वर चढवलेल्या फायली जुन्या पानांना पुसत नाहीत, त्यामुळे गेल्या वर्षीचे दर तसेच उघडे राहतात. फोटोंच्या नावांत इंग्रजी मोठी-लहान अक्षरं मिसळली असतील तर विंडोजवर दिसणारा फोटो लिनक्स सर्व्हरवर गायब होतो. सगळी लहानच ठेवा.

एक्सपोर्ट केलेल्या फायलींतून वर्डप्रेस परत उभं करता येत नाही. म्हणून डेटाबेस आणि अपलोड्सचा फोल्डर दर वेळी पेनड्राइव्हवर उतरवतो. एक माझ्याकडे, दुसरा शेठच्या गल्ल्यात, सुट्ट्या नाण्यांच्या खाली.